हिरव्या ठिपक्यांचा धागा

मर्ल स्टॅनर्ड सकाळी आमच्या पूल हॉलमध्ये यायचा, काउंटरवर कॉफीचा मग ओढून घ्यायचा आणि पेपर उघडून आधी कोण मेलं ते वाचायचा. बाकीची माणसं खेळाचं पान काढतात. हा बाबा पेन्सिल घेऊन मेलेल्यांच्या नावांवर खुणा करत बसायचा.

"अरे, जिवंत माणसांचंही काहीबाही छापतात त्यात," मी म्हणायचे.

"जिवंत माणसं मला त्यांच्या तळघरात जाऊ देत नाहीत ना, रोझली," तो म्हणायचा आणि वर हसायचा मेला.

त्याचा उद्योगच तसा होता. माझा नवरा गस हॉलच्या मागच्या खोलीत क्यू बनवतो, म्हणजे पूलच्या टेबलावर बॉल मारायच्या लांब काठ्या. मेपलचं लाकूड, लेथ, भुसा, सगळं त्याचं राज्य. आणि क्यूची मूठ, म्हणजे मागचा हात जिथे धरतो तिथला सुताचा पट्टा, तो मर्ल बांधायचा. साठीला आलेला, एकटा माणूस, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला. हात एवढे मोठे की आमचा मग त्याच्या हातात भातुकलीतला वाटायचा. पण लेथ हळूहळू फिरायला लागला की त्याच बोटांतून धागा असा सरकायचा, की दोन वेढ्यांच्या मध्ये नख शिरणार नाही. मग तो ओला करायचा, हाडाच्या पट्टीनं घासून दाबायचा, आणि मूठ अशी गुळगुळीत व्हायची की सूत आहे हे सांगावं लागायचं. लांबलांबची माणसं जुने क्यू घेऊन आमच्याकडे यायची ती मर्लच्या हातासाठी. गसला हे पटत नाही, पण ते जाऊ दे.

धागा मात्र त्याला एकच चालायचा. जुना लिनन, पांढरा, त्यात हिरवे ठिपके. आमच्या गावात तळ्याच्या टोकाला मासेमारीच्या दोऱ्यांची गिरणी होती, तिथे आयर्लंडच्या सुताला पीळ घालून तो निघायचा. आधी गळाची दोरी म्हणून. पुढे नायलॉन आला, मासे धरणाऱ्यांनी लिनन टाकला, तर क्यूवाल्यांनी उचलला. मग गिरणीच बंद पडली. आता नवीन धागा मिळतो, मिळत नाही असं नाही. पण मर्ल तो दोन बोटांत असा धरायचा, जणू मेलेल्या उंदराचं शेपूट.

"याची लव उठते. जुन्या क्यूला जुनाच धागा पाहिजे. बाकी सगळं खोटं," असं त्याचं ठरलेलं.

खोटं हा शब्द त्याच्या तोंडात फार. समोर कुणी नवा धागा अस्सल म्हणून आणला की तुकडा भिजवून, ओढून, नखानं खरवडून त्या माणसाची चारचौघांत अब्रू काढायचा.

म्हणून तो मेलेल्यांची नावं वाचायचा. गिरणीतला कुणी म्हातारा गेला की त्याच्या तळघरात, गॅरेजात एखादं रीळ सापडणारच. कामावरून येताना कधीतरी खिशात आलेलं, मग बायकोनं टोमॅटोची रोपं बांधायला वापरलेलं. रॉचेस्टर, सिरॅक्यूज अशा मोठ्या शहरांतले धागेवालेही टपलेले असायचे. जो आधी दार ठोठावील त्याचं रीळ.

क्लेटन टीटर नावाचे एक गृहस्थ गेले, तेव्हा मर्लनं असंच त्यांच्या नावाभोवती गोल काढला. सगळी हयात गिरणीत गेली, मागे पत्नी यूनिस, मूलबाळ नाही, एवढंच छापलं होतं. दफनाची माती वाळायच्या आत हा टाय बांधून त्यांच्या दारात. परत आला तेव्हा मान खाली होती, पण डोळे नुसते चमकत होते.

"काय सांगून आत शिरलास?" मी विचारलं.

"म्हटलं, मी क्लेटनचा मित्र. आम्ही दोघं मासे धरायला जायचो."

आतला लेथ थांबला. गस दारात आला. "तू? अरे, तुला ट्राउट मासा आणि बूट ताटात वाढले तरी कुठलं काय ते कळायचं नाही!"

"मग काय सांगू? बाई, नवरा गेला, वाईट झालं, धागा आहे का?"

"ते निदान खरं तरी झालं असतं," मी म्हटलं.

त्यानं खिशातून रीळ काढून काउंटरवर ठेवलं. पांढरं, हिरव्या ठिपक्यांचं, गिरणीचा कागद अजून चिकटलेला. गसनं हात पँटला पुसले आणि मगच ते उचललं. मीही ते हातात घेऊन बघितलं, खोटं का सांगू.

"एकच दिलं," मर्ल म्हणाला. "म्हणाली, तळघरात अजून असतील, पण गुडघे साथ देत नाहीत, पुढच्या रविवारी एक काढून ठेवते. जेवायलाच ये म्हणाली. आणि येताना क्लेटनची एखादी गोष्ट घेऊन ये म्हणाली."

तिथून ते रविवार सुरू झाले. शनिवारी दुपारी मर्ल गसच्या खोलीत बसून मासे शिकायचा. एप्रिलमध्ये तळ्यात काय लागतं, गळाला काय लावतात, बर्फ फोडून कसं बसतात. आणि रविवारी टीटरबाईंच्या स्वयंपाकघरात बसून सगळं क्लेटनच्या नावावर खपवायचा. एकदा म्हणे धुक्यात क्लेटनची टोपी पाण्यात पडली, आणि वर काढली तर आत मासा! बाईंनी हसून हसून ॲप्रनला डोळे पुसले. मग म्हणाल्या, "टोपी कुठली रे? तपकिरी?" याला काय ठाऊक! "तपकिरीच," हा म्हणाला.

"लाज कशी वाटत नाही रे तुला," मी म्हणायचे. "मेलेल्या माणसाला दर रविवारी नावेत बसवतोस."

"वाटते ना," तो म्हणायचा. आणि खरंच वाटत होती. पहिले काही आठवडे तो आल्याआल्या रीळ काढून दाखवायचा. मग रीळ खिशातच राहायला लागलं आणि तो दुसरंच काही सांगायला लागला. टीटरबाईंच्या पागोळ्यांचा पन्हळ गळत होता, तो बसवला. बाईंना मिठाचं पथ्य आहे, तरी चोरून खातात. बाई त्याला क्लेटनच्या खुर्चीत बसवतात.

"त्या खुर्चीत बसलं की जेवण उतरत नाही गं घशाखाली," एकदा म्हणाला. "मी कोण तिथे बसणारा? नावसुद्धा पेपरात वाचलेलं."

"मग सांगून टाक."

"सांगतो. पुढच्या रविवारी."

सांगायचा तो रविवार काही उगवेना. उन्हाळा गेला. बाई दर वेळी एकच रीळ द्यायच्या, तपकिरी कागदात बांधून. एवढा आयता माल असताना एकदम का देत नाही म्हातारी, असं गस कुरकुरायचा. मर्ल म्हणायचा, देईल तेव्हा देईल.

सप्टेंबरात एक जुना क्यू आला. एका माणसानं आपल्या बापाचा क्यू आणला होता, पन्नास सालातला. गसनं त्याचं लाकूड सरळ केलं, हस्तिदंती कड नव्यानं बसवली, आणि मूठ मर्लकडे दिली. मर्लनं आदल्या रविवारचं रीळ फोडलं. मी समोरच उभी होते. लेथ फिरला, धागा बसला, आणि त्यानं ओलं फडकं फिरवलं तशी हिरवी रेघ लाकडावर ओघळली. मग दुसरी. हस्तिदंताच्या कडेत रंग शिरला. मर्लनं लेथ बंद केला, धाग्याचं टोक उचलून नखानं खरवडलं. लव उठली. साधं शिवणाचं सूत, आणि त्यावर पेनानं दिलेले ठिपके.

मर्ल लालबुंद झाला. अख्ख्या जिल्ह्यात अस्सल-नकली सांगणारा हा माणूस, आणि त्याच्याच हातानं दुसऱ्याच्या बापाच्या क्यूला शाई लावली. रीळ त्यानं भुशाच्या पिंपात फेकलं.

"चल," मला म्हणाला. त्याची गाडी गॅरेजला होती. "मला तिच्याकडे सोड."

"मर्ल, जरा दम धर."

"सोडतेस की चालत जाऊ?"

सोडलं. मीही मागोमाग आत गेले, कारण त्याचा आवाज मला आवडला नव्हता. टीटरबाई लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या. टेबलावर द्राक्षांचा ढीग, पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, करायला त्या एकेका द्राक्षाची साल काढत होत्या. मर्लला आडवारी बघून चेहरा असा उजळला की मला नको झालं.

"अगंबाई, मर्ल! आज कसा? आणि या कोण?"

"टीटरबाई, तुम्ही मला फसवलंत!" हा दारातूनच ओरडला. "जे नाही ते आहे म्हणून माझ्या हातात दिलंत! मी विश्वास ठेवला तुमच्यावर, आणि तुम्ही सरळ तोंडावर खोटं बोललात! असं कुणी करतं का माणसाशी?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी कानांनी ऐकल्या. त्याच्या बाहीला धरून ओढलं, तर त्यानं हात झटकला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हातातलं द्राक्ष वाडग्यात ठेवलं. तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. द्राक्षाचा जांभळा रंग बोटांच्या टोकांना होताच, पण नखांच्या कडेला हिरवा होता, धुऊनही न गेलेला. खिडकीत शाईची बाटली आणि पेन. मर्लला यातलं काही दिसलं नाही, तो आढ्याकडे बघून ओरडत होता.

"बस ना," बाई एवढंच म्हणाल्या. "जेवून जा."

"मला नको तुमचं जेवण!" आणि गेला बाहेर.

निघताना बाईंनी द्राक्षांचा एक तयार पाय माझ्या हातात दिला, फडक्यात बांधून. "त्याला आवडतो," म्हणाल्या. "आणि धाग्याचं म्हणावं, मी बघते अजून कुठे मिळाला तर."

 गाडीत ते फडकं माझ्या मांडीवर गरम लागत होतं. अर्ध्या वाटेत मी न राहवून म्हटलं, "त्यांची बोटं बघितलीस? अख्ख्या रिळाला हातानं ठिपके दिलेत त्या बाईनं. त्या वयात. त्या डोळ्यांनी. कशासाठी, सांग बरं? पैसे तर कधी घेतले नाहीत तुझ्याकडून."

तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "गाडी वळव."

मी वेग कमी केला.

"नको," म्हणाला. "कुठल्या तोंडानं जाऊ? राहू दे. रविवारी जातो."

रविवारी गेला नाही. तो द्राक्षांचा पाय आमच्या काउंटरवर पडून राहिला, त्यानं एक घास खाल्ला नाही आणि मला टाकूही देईना. पुढच्या रविवारी टाय बांधून आला आणि इथेच बसला. "आधी माझं सगळं सांगायला लागेल ना," म्हणाला. "नुसती माफी मागून कसं चालेल? तिनं एक रीळ खोटं दिलं. मी तिला अख्खा माणूस खोटा दिला. ते ऐकलं तर क्लेटनही जाईल तिचा. टोपी, धुकं, सगळंच जाईल."

"मग नको सांगूस. नुसता जा, जेव आणि ये."

"तेही खोटंच की."

असा अडकला. गस एकदा चिडून म्हणाला, "अरे गाढवा, बाई काय तुझी परीक्षा घेणार आहे?" पण मर्लला वाटायचं, घेईल, आणि घ्यावीच. मूठ बांधायचं काम त्यानं बंद केलं.  सकाळी पेपर उघडायचा तेवढा राहिला होता, सवयीनं, पेन्सिल न घेता.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात त्यानं पेपर उघडला, वाचला, आणि माझ्याकडे सरकवला. बोट एका नावावर ठेवलेलं. यूनिस टीटर. झोपेत गेल्या. मी वाचून वर बघितलं, तर मर्ल कोट चढवत होता, आणि बाहीत हात जाईना म्हणून तसाच उभा होता. मी काउंटरमागून बाहेर आले आणि त्याला कोट घातला.

दफन झाल्यावर चर्चच्या तळमजल्यावर जेवण होतं. हॅम, बटाटे, जेलीचं सॅलड, आमच्याकडे असतं तसंच. मर्ल कोपऱ्यात ताट धरून उभा. एक बाई सरळ त्याच्याकडेच आली. बाईंच्या बहिणीची मुलगी, कोरिन नावाची, रॉचेस्टरची.

"तुम्ही मर्ल ना?" ती हसली. "टोपीतल्या माशाची गोष्ट सांगणारे?"

मर्लनं ताट खाली ठेवलं. "मला एक सांगायचंय. मी तुमच्या काकांचा मित्र नव्हतो. त्यांना कधी भेटलोसुद्धा नाही. मी मासेही धरत नाही. मला धागा हवा होता. मी तुमच्या मावशीशी खोटं बोललो, दर रविवारी."

"अहो, ते ठाऊक आहे की," कोरिन म्हणाली.

"ठाऊक? कसं?" मर्लनं विचारलं.

"काकांना पाण्याची भीती होती. लग्न झाल्यावर मावशीनं हौसेनं नावेत बसवलं, तर काठ सुटायच्या आत ओकले. पुन्हा कधी नावेकडे फिरकले नाहीत. जन्मभर गळाच्या दोऱ्या केल्या आणि एक मासा धरला नाही, यावरून मावशी त्यांना किती छळायची! तुम्ही आलात त्याच दिवशी तिनं मला फोन केला. म्हणाली, अगं, एक धिप्पाड माणूस आला होता, टाय वाकडा बांधलेला, आणि धडधडीत थापा मारत होता. मी म्हटलं, मावशी, पोलिसांना सांग. तर म्हणते, छे गं, मी त्याला जेवायला बोलावलंय."

मी मर्लकडे बघितलंच नाही. मला त्या स्वयंपाकघरातलं ते उघडून मिटलेलं तोंड आठवलं. एक वाक्य बोलली असती तर हा जागच्या जागी गार झाला असता, आणि ती बोलली नाही.

"दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा," कोरिन सांगत होती. "आज तुझ्या काकांनी काय धरलं ठाऊक आहे का! एवढं हसायची. मग शरदात फोनवर गोष्टी येईनात. मी विचारलं, तुझा मर्ल येत नाही का गं? तर म्हणाली, माझाच धागा संपला. मला ते काही कळलं नाही. उन्हाळ्यात माझ्याकडून पांढऱ्या सुताची रिळं मागवली होती, आणि हिरवी शाई. डोळ्यांना दिसत नाही आणि कसलं भरतकाम काढलंय, म्हणून मी रागावलेसुद्धा. तुम्हाला ठाऊक आहे, काय करत होती ती?"

मर्लनं माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच म्हटलं, "त्यांनी याच्यासाठी एक काम केलं होतं. फार निगुतीनं केलं होतं." कोरिननं मान डोलावली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी मर्ल आला तो थेट भुशाच्या पिंपाशी. वाकून आत हात घातला, कोपरापर्यंत.

"ते नाही तिथे," मी म्हटलं. "मी काढून ठेवलंय. सूत फेकवत नाही माझ्याच्यानं."

खणातून रीळ काढून दिलं. त्यानं ते उजेडात धरलं आणि सुटं करत गेला. सुरुवातीचे ठिपके अगदी मोजूनमापून दिल्यासारखे होते. पुढेपुढे हात थकलेला दिसत होता, कुठे ठिपका लांबट, कुठे डाग पडलेला, कुठे सुटलेलाच. पण रीळ संपेपर्यंत दिले होते. मर्ल भुशाच्या ढिगाऱ्यावर बसला आणि रडला. गसनं लेथ चालू केला, उगाच, आवाज हॉलमध्ये जाऊ नये म्हणून.

ते सूत त्यानं स्वतःच्या क्यूला बांधलं. ओलं न करता, सुकंच, त्यामुळे मूठ सैल बसली आणि लव उठलेलीच राहिली. घाम लागला की शाई सुटते. डाव संपला की त्याचा तळवा हिरवा झालेला असतो.

परवा सिरॅक्यूजचा एक धागेवाला आला होता, मर्लचं नाव ऐकून. मर्ल खेळत होता. त्या माणसानं क्यू हातात घेतला, मूठ चाचपली, नखानं खरवडली, आणि स्वतःच्या बोटाला लागलेली शाई बघून हसला.

"हे तर शिवणाचं सूत! तुम्हीसुद्धा? कुणीतरी चांगलंच फसवलंय की तुम्हाला."

"मला नाही," मर्ल म्हणाला. "मी तिला."

त्यानं क्यू परत मागून घेतला आणि पुढचा बॉल मारायला वाकला. मी हात पुसायला टॉवेल पुढे केला होता, तो त्यानं घेतला नाही.